परमेश्वराचं भय आणि शहाणपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या प्रार्थनागटांतून आणि घरी एकट्याने पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वचनं अर्थाने सांगितली आहेत. शब्दशः मजकूर आपापल्या प्रतीत पाहावा.

१. परमेश्वराचं भय म्हणजे नेमकं काय? देवाला घाबरून राहायचं का?

निर्गम २०:१८-२० वाचा. सीनाय पर्वतावरचा गडगडाट, विजा आणि धूर पाहून लोक कापत लांब उभे राहिले. मोशे त्यांना म्हणाला, भिऊ नका. आणि त्याच दमात त्याने सांगितलं की देवाचं भय तुमच्यापुढे राहावं आणि तुमच्या हातून पाप होऊ नये म्हणून देव आला आहे. एकाच वचनात एक भय सोडायला सांगितलं आणि दुसरं धरायला. पहिलं भय माणसाला देवापासून पळवतं. आदाम झाडांत लपला तो याच भयाने (उत्पत्ती ३:८-१०). दुसरं त्याला देवासमोर उभं ठेवतं आणि वाईटापासून मागे खेचतं.

हे दुसरं भय व्यवहारात कसं दिसतं ते लेवीय १९:१४ मध्ये आहे. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको, आपल्या देवाचं भय धर. बहिऱ्याला ऐकू येत नाही, आंधळ्याला दिसत नाही; म्हणजे तक्रार करायला कुणी येणार नाही. पकडलं जायची शक्यताच नसताना जे हात आवरतं, ते परमेश्वराचं भय. देव आहे, तो पवित्र आहे, तो पाहतो आणि मला त्याला जाब द्यायचा आहे, हे खरं धरून वागणं, एवढी व्याख्या सुरुवातीला पुरे.

२. भ्यालेल्या माणसाची तर मती गुंग होते. मग भयातून शहाणपण कसं येईल?

नीतिसूत्रे ९:१० हे वचन बहुतेकांना पाठ असतं, पण त्याच्या आधीच्या तीन ओळी वाचल्या जात नाहीत. ९:७-९ मध्ये विषय चालला आहे चूक दाखवण्याचा. टवाळखोराला चूक दाखवली तर तो तुमचा द्वेष करतो. शहाण्याला दाखवली तर तो तुमच्यावर प्रेम करतो आणि अधिक शहाणा होतो. लगेच पुढे येतं की परमेश्वराचं भय हा शहाणपणाचा आरंभ आहे. हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

शहाणपणाच्या आड अज्ञान क्वचितच येतं. आड येते ती ‘मला कळतं’ ही खात्री. म्हणून ३:७ मध्ये स्वतःच्या दृष्टीने शहाणा होऊ नको आणि परमेश्वराचं भय धर, या दोन आज्ञा शेजारी शेजारी आहेत. आपल्यापेक्षा मोठा, ज्याच्यापुढे सबबी चालत नाहीत असा कुणी आहे हे मनाने मान्य केलं की माणूस स्वतःला फसवणं कमी करतो. स्वतःला फसवणं कमी झालं की समोरचं आहे तसं दिसू लागतं: हिशेबातला खड्डा, मुलाचं बिघडलेलं वागणं, स्वतःचा राग. शहाणपण इथे सुरू होतं.

यावरून स्वतःची परीक्षाही घेता येते. बायकोने, हाताखालच्या खलाशाने किंवा सुनेने चूक दाखवली तर पहिल्या क्षणी तोंडातून काय बाहेर पडतं? उत्तर देण्याआधी थांबता येऊ लागलं असेल, तर हे भय मुरायला लागलं आहे.

३. सुरुवात कशी करू? रोज किती वेळ लागेल?

रोज तीस मिनिटं: सकाळी वीस, रात्री दहा. त्याहून जास्त ठरवलेलं सहसा टिकत नाही.

सकाळी नीतिसूत्रांचा एक अध्याय, तारखेप्रमाणे. अध्याय ३१ आहेत, म्हणून पाच तारखेला पाचवा, बावीसला बाविसावा. महिना ३० दिवसांचा असेल तर शेवटच्या दिवशी दोन अध्याय. एक दिवस चुकला तर तो सोडून द्या आणि आजच्या तारखेचा वाचा. मागचं भरून काढायला बसलेले लोक चौथ्या-पाचव्या दिवशी सगळंच सोडतात.

पहिले नऊ अध्याय सलग बोलण्यासारखे आहेत, ते एका ओघात वाचावेत. दहाव्यापासून मात्र बहुतेक ठिकाणी प्रत्येक वचन सुटं आहे. तिथे भराभर वाचलं तर काही हाती लागत नाही. अध्याय एकदा वाचून त्यातलं एकच वचन निवडा आणि वहीत स्वतःच्या हाताने उतरवा. मोबाइलवर कॉपी करू नका. अनुवाद १७:१८-१९ मध्ये राजाने नियमशास्त्राची प्रत लिहून घ्यावी आणि ती जन्मभर वाचावी असं सांगितलं आहे, आणि कारणही तिथेच आहे: त्याने देवाचं भय धरायला शिकावं म्हणून. हे भय आपोआप येत नाही, शिकावं लागतं.

वचनाखाली एक ओळ लिहा: आज हे कुठे लागू पडेल? ‘प्रामाणिक राहीन’ असं लिहिलं तर ते दुपारपर्यंत विसरलं जातं. ‘साडेदहाला बर्फाच्या कारखान्यातून येणारं बिल जसं आहे तसं दाखवीन’ असं लिहिलं तर ते लक्षात राहतं.

रात्री दहा मिनिटं आत्मपरीक्षण. लोयोलाच्या संत इग्नेशियसने (१४९१-१५५६) घालून दिलेल्या पाच पायऱ्या इथे चांगल्या चालतात: आजच्या दिवसाबद्दल उपकार मानणं, स्वतःकडे नीट पाहता यावं म्हणून प्रकाश मागणं, सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवणं, जिथे चुकलं तिथे क्षमा मागणं, उद्यासाठी एक सुधारणा ठरवणं. उपकारांची पायरी वगळू नका. ती वगळली की हे आत्मपरीक्षण हळूहळू स्वतःला झोडपण्याकडे वळतं. तसं होत असेल तर प्रश्न १५ पाहा.

पहिल्या महिन्यात भयाबद्दलची वचनं वेगळ्या खुणेने नोंदवा: १:७, २:५, ३:७, ८:१३, ९:१०, १०:२७, १४:२६-२७, १५:१६, १५:३३, १६:६, १९:२३, २२:४, २३:१७, ३१:३०. महिन्याअखेरीस ही एकत्र वाचली की चित्र स्पष्ट होतं. त्यातलं ८:१३ सर्वांत व्यवहारी आहे: परमेश्वराचं भय म्हणजे वाईटाचा द्वेष, आणि वाईटाच्या यादीत पहिलं नाव गर्वाचं.

४. योहान म्हणतो की पूर्ण प्रीती भीती घालवून देते. मग भय धरायचं की सोडायचं?

१ योहान ४:१८ त्याच ओळीत पुढे सांगतो की तिथली भीती शिक्षेची आहे. प्रश्न १ मधलं पहिलं भय ते हेच. मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस या भेदाला गुलामाचं भय आणि लेकराचं भय अशी नावं देतो. गुलाम फटक्याला भितो. धन्याची पाठ वळली की मोकळा. लेकराला बापाचं मन दुखावण्याची भीती असते, आणि बाप परगावी असला तरी ती जात नाही. प्रीती वाढते तसं पहिलं भय ओसरतं आणि दुसरं खोल जातं. स्तोत्र १३०:४ मध्ये तर क्षमेमुळे भय उपजतं असं म्हटलं आहे. ज्याला शिक्षेचंच भय ठाऊक आहे त्याला ते वचन उलटं वाटेल.

गुलामी भय माणसाला निकामी करतं हे मत्तय २५:२४-२५ मध्ये दिसतं. धन्याने चाकरांकडे पैसे सोपवल्याचा दाखला आहे तो: तिसरा चाकर धन्याला कठोर समजला, भ्याला आणि त्याने मिळालेला पैसा जमिनीत पुरून ठेवला. देवाच्या भीतीने तुम्ही काम, निर्णय किंवा माणसं टाळू लागला असाल, तर ती भीती तपासून पाहायला हवी.

५. हे जुन्या कराराचं झालं. नव्या करारात हे कुठे आहे?

बऱ्याच ठिकाणी. लूक १:५० (मरियेचं स्तोत्र), प्रेषितांची कृत्ये ९:३१, फिलिप्पै २:१२, १ पेत्र १:१७ आणि २:१७, इब्री १२:२८. येशूचं स्वतःचं बोलणं मत्तय १०:२८ मध्ये आहे, आणि ते एकटं वाचू नये. पुढच्याच तीन ओळींत चिमण्यांची गोष्ट येते, डोक्यावरचे केस मोजलेले असल्याचं येतं आणि शेवटी ‘भिऊ नका’ येतं. कॅथलिक शिकवणीत यशया ११:२-३ वरून पवित्र आत्म्याची सात दानं मोजतात. देवाचं भय हे त्यांतलं एक, आणि दृढीकरणाच्या संस्कारात ते मागितलं जातं. सिराखच्या पुस्तकाचा पहिला अध्याय भयाला शहाणपणाचा आरंभ, पूर्णता, मुकुट आणि मूळ म्हणतो. ते पुस्तक कॅथलिक प्रतीत मिळेल, प्रॉटेस्टंट प्रतीत नाही.

६. रायगडातले बेने इस्रायल लोक हे कसं शिकवतात?

मूळ धागा त्यांच्याच यहुदी परंपरेतला आहे, त्यामुळे हा प्रश्न योग्यच आहे. यहुदी गुरूंची वचनं असलेल्या पिर्के आवोत या संग्रहात हनीना बेन दोसा सांगतो की ज्याचं पापाचं भय त्याच्या शहाणपणाच्या आधी येतं, त्याचं शहाणपण टिकतं. एलाझार बेन अझार्या दोन्हीकडून बांधतो: शहाणपण नाही तर भय नाही, भय नाही तर शहाणपण नाही. तल्मूद या यहुदी धर्मग्रंथातला रब्बी (धर्मगुरू) हनीना म्हणतो की सगळं काही देवाच्या हाती आहे, देवाचं भय सोडून. म्हणजे ते माणसाने स्वतः निवडायचं असतं.

अलिबाग परिसरात तेलाचे घाणे चालवणाऱ्या या समाजाला गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. शेजाऱ्यांचे घाणे फिरत असताना आठवड्याचा एक दिवस कमाई सोडणं हा भय शिकण्याचा फार जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. रविवारी दुकान बंद ठेवावं की नाही असं विचारणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

७. आमच्या गावात देवाची भीती सगळ्यांनाच आहे: राखणदार, कौल, गाऱ्हाणं. हेच ते भय का?

हा प्रश्न सिंधुदुर्गातून सर्वाधिक येतो, विचारणारे ख्रिस्तीही असतात आणि हिंदूही. दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात.

देवराईतली वाळकी फांदीसुद्धा कुणी घरी नेत नाही, नदीच्या विशिष्ट डोहात कुणी जाळं टाकत नाही, चव्हाट्यावर उभं राहून खोटं बोलायला जीभ रेटत नाही. कुणी पाहत नसताना हात आवरला जातो, आणि लेवीय १९:१४ ची खूणही हीच आहे. या मर्यादेची टिंगल करणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. तिच्यामुळे कितीतरी झाडं आणि झरे वाचले आहेत.

पण कुणाचा तरी कोप झाला, कुणी करणी केली, अमुक दिलं नाही तर वंश बुडेल, अशी भीती घरात शिरली की ती माणसाला कुणावरही संशय घ्यायला लावते. भावाभावांत अबोला येतो, आजारी माणूस दवाखान्याऐवजी दुसरीकडेच नेला जातो. या भीतीतून शहाणपण वाढत नाही. भीतीनंतर मी अधिक खरा, अधिक न्यायी झालो का, की नुसता अधिक संशयी झालो, हा प्रश्न विचारून फरक ओळखता येतो. ख्रिस्ती घरांनाही हे तितकंच लागू आहे. नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, मध्येच तुटली म्हणून अनर्थ होईल असं मानणं याच दुसऱ्या जातीतलं.

८. मी ख्रिस्ती नाही. हे माझ्यासाठी आहे का?

हो. ईयोब ऊस देशाचा होता, इस्राएलचा नव्हता. पहिल्याच ओळीत तो देवभीरू असल्याचं सांगितलं आहे. कर्नेल्य रोमी शताधिपती होता (प्रेषितांची कृत्ये १०:२). प्रश्न ३ मधली पद्धत कुणालाही वापरता येते.

९. आंब्याच्या धंद्यात सगळेच थोडंफार करतात. तिथे हे कसं पाळायचं?

नीतिसूत्रे ११:१, २०:१० आणि २०:२३ ही तिन्ही वचनं खोट्या तराजूबद्दल आहेत. एकाच पुस्तकात एक गोष्ट तीनदा येते ती उगाच नाही. आपल्याकडच्या व्यवहारात ती अशी उतरते.

पेटीच्या वरच्या थरात मोठं फळ आणि खाली बारकं भरलं जातं, तसं न करता प्रत येईल तशी पेटी वेगळी लावा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते कोकणातल्या पाच जिल्ह्यांसाठी आहे: पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. बाहेरच्या राज्यातलं फळ आपल्या बागेच्या नावाच्या खोक्यात घालणं ही फसवणूक आहे, मग गिऱ्हाइकाला चवीत फरक कळो वा न कळो. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू चालतो, त्याची मर्यादा १०० पीपीएम आहे. वेळ असेल तर गवताची अढी सर्वांत बरी. काट्याची पडताळणी वेळेवर करून घ्या. ‘काटा थोडा पुढे आहे, माहीत आहे मला’ हे वाक्य तोंडी असेल तर तोच काटा २०:१० मधला.

यात तोटा होतो का? पहिल्या एक-दोन हंगामांत होऊ शकतो, आणि हे आधीच घरात बोलून ठेवावं. नीतिसूत्रे १५:१६ हा तोटा लपवत नाही: परमेश्वराच्या भयासह थोडकं असणं हे मोठा साठा आणि त्यासोबतची धास्ती यापेक्षा बरं. थोडकं असेल हे तिथे गृहीतच आहे. जे देवभीरू व्हा म्हणजे धंदा वाढेल असं सांगतात, ते या वचनाला बगल देतात. सैतानाने देवाला विचारलेला प्रश्नही हाच होता: ईयोब फुकट का तुझं भय बाळगतो? (ईयोब १:९)

१०. वादळात देव आठवतो, किनाऱ्याला लागलो की विसरतो. हे भय खोटं का?

खोटं नाही, अर्धं आहे. मार्क ४:३५-४१ नीट वाचा. वावटळ सुटली, लाटा तारवात शिरल्या, शिष्य ओरडले. येशूने वाऱ्याला दटावलं आणि अगदी निवांत झालं. त्यानंतर, समुद्र शांत असताना, ते फार भ्याले असं लिहिलं आहे. वाऱ्याची भीती वारा पडताच गेली. हा कोण आहे, या प्रश्नातून आलेलं भय मात्र नंतर आलं आणि राहिलं. योनाच्या पुस्तकातले खलाशीही समुद्र शमल्यावर परमेश्वराला अत्यंत भ्याले आणि तेव्हा त्यांनी यज्ञ केला, नवस केले (योना १:१५-१६). त्याच पानावर योना ‘मी परमेश्वराचं भय धरतो’ असं तोंडाने म्हणतो (१:९) आणि प्रत्यक्षात त्याच परमेश्वरापासून पळत असतो. परक्या देशाच्या खलाशांकडून संदेष्ट्याने शिकावं अशी ही गोष्ट आहे.

तांडेल आणि खलाशांना आम्ही एकच सवय सुचवतो. बोट बंदरात लागल्यावर, मासळी उतरवण्याआधी, दोन मिनिटं स्तोत्र १०७:२३-३१ मोठ्याने वाचा. ते समुद्रावर धंदा करणाऱ्यांसाठीच आहे, आणि त्याचा शेवट बंदराला पोचल्यावरच्या आभारांवर होतो. लिलाव सुरू झाला की कुणाला सवड राहत नाही, म्हणून आधीच.

११. देवावर भरवसा आहे तर बंदरात तीन नंबरचा, म्हणजे वादळी हवेच्या इशाऱ्याचा, बावटा लागला असताना बोट बाहेर काढली तर काय हरकत?

हरकत आहे. नीतिसूत्रे २२:३ प्रमाणे चतुर माणूस संकट येताना पाहून आडोसा घेतो, भोळा पुढे जातो आणि भोगतो. मत्तय ४:७ प्रमाणे देवाची परीक्षा पाहायची नसते. तुमच्याबरोबर सहा-आठ घरांची माणसं असतात. हवामान खात्याचा इशारा, लाइफ जॅकेट आणि पावसाळी मासेमारीबंदी पाळणं हा भय धरण्याचाच भाग आहे. बंदीत अंडी भरलेली मासळी ओढणारा पुढच्या वर्षीच्या शेजाऱ्याच्या ताटातलं काढून घेतो.

१२. मुलांना ‘देव शिक्षा करेल’ असं सांगितलं तर चालेल ना?

आम्ही नको म्हणू. त्यातून मूल देवाला पोलिस समजतं आणि पोलिस नसलेल्या जागा शोधायला शिकतं. स्तोत्र ३४:११ मध्ये ‘मुलांनो, या, मी तुम्हाला परमेश्वराचं भय शिकवतो’ असं आमंत्रण आहे आणि पुढच्या तीन ओळींत अभ्यासक्रमच दिला आहे: जिभेला वाईटापासून आवर, ओठांना कपटापासून आवर, वाईट सोड, चांगलं कर, शांतीच्या मागे लाग. एका आठवड्याला एक गोष्ट घ्या. पहिला आठवडा जिभेचा: घरात कुणाची पाठीमागे नालस्ती करायची नाही, आणि हा नियम आईबाबांनाही. मुलं पहिल्या दोन दिवसांत आईबाबांना पकडतात. तेव्हा रागावू नका, चूक मान्य करा. चूक मान्य करणारा बाप पाहिला की मुलाला प्रश्न २ मधली गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

गावच्या चर्चमध्ये आगेराला, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला, नवं भाताचं कणीस वेदीवर नेतात, ते मुलाच्या हातात द्या. आपण पिकवलेलं आधी देवापुढे ठेवायचं, हे त्याच्या हाताला कळतं.

१३. घरात आजारपण आलं, बोट बुडाली. देवाची शिक्षा समजायची का?

नाही. योहान ९:१-३ आणि लूक १३:४-५ वाचा. शिलोहातला बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक पापी होते असं मानू नका, असं येशूने स्पष्ट सांगितलं. ईयोबाला तुझंच काही चुकलं असेल म्हणणाऱ्या मित्रांवर शेवटी देवाचाच कोप झाला (ईयोब ४२:७). दुःखात बसलेल्या घरी जाऊन असा निष्कर्ष कुणी सांगू नये.

१४. शलमोन राजा सर्वांत शहाणा, तरी तो घसरला. मग या मार्गाचा उपयोग काय?

शलमोनाचं घसरणं हा मार्ग सुटल्याचा परिणाम आहे, आणि शास्त्रात त्याचा हिशेब आकड्यांसह ठेवला आहे. अनुवाद १७:१६-१७ मध्ये राजाला तीन गोष्टी वाढवायला मनाई आहे: घोडे, बायका, सोनंरुपं. १ राजे १०-११ मध्ये त्याच तीन गोष्टींची नोंद येते: वर्षाला ६६६ किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं, १,४०० रथ आणि १२,००० स्वार, ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी. इतरांना न्याय देण्याची त्याची बुद्धी शाबूत होती, पण स्वतःच्या बाबतीत तो टोकणाऱ्याच्या पलीकडे गेला. आरंभ एकदा करून संपत नाही.

मोठ्या पदावरच्यांनी, म्हणजे सोसायटीचे चेअरमन, सरपंच, पाळक, फादर, शाळेचे मुख्याध्यापक यांनी, निदान एक माणूस असा ठेवावा की जो त्यांना स्पष्ट बोलू शकतो आणि ज्याचं पोट त्यांच्यावर अवलंबून नाही.

१५. मला सतत वाटतं की माझं पाप माफ झालेलं नाही. तीच कबुली पुन्हा पुन्हा देतो. हे जास्त भय आहे का?

हे भयाचं जास्त असणं नाही, तो एक त्रास आहे आणि तो बरा होतो. खुणा अशा: तेच पाप, एकदा क्षमा मिळाल्यावरही, पुन्हा पुन्हा सांगणं, प्रार्थनेचा एखादा शब्द चुकला म्हणून सगळी प्रार्थना पहिल्यापासून म्हणणं, मनात आलेला नकोसा विचार म्हणजेच पाप समजणं, रोज तासचे तास यात जाणं.

कन्फेशनसाठी एकच फादर ठरवा आणि ते ‘पुन्हा सांगू नको’ म्हणाले तर ते पाळा. पाळताना अस्वस्थ वाटेल. ती अस्वस्थता सहन करणं हाच उपचाराचा भाग. रात्रीचं आत्मपरीक्षण दहावरून तीन मिनिटांवर आणा आणि त्यातली दोन मिनिटं उपकार मानण्यात घालवा. काही आठवड्यांत फरक नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे.

१६. देवाचं खरं मानलं तर गाव वाळीत टाकेल अशी भीती आहे. काय करावं?

माणसाची भीती पाश ठरते, परमेश्वरावर भाव ठेवणारा सुरक्षित राहतो, असं नीतिसूत्रे २९:२५ म्हणतं. मिसरातल्या शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी देवाचं भय धरलं आणि फारोची आज्ञा मोडून बाळं जगवली (निर्गम १:१७). मोठं भय लहान भयाला जागा ठेवत नाही.

तरी एकटं लढू नका. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. वाळीत टाकणं हा गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बैठकीची तारीख, हजर असलेल्यांची नावं आणि काय बोललं गेलं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. तक्रार पोलिस ठाण्यात करता येते.

१७. प्रार्थना घेणारे एक जण म्हणतात, दशांश दिला नाही तर घरावर शाप येईल. खरं का?

देवाच्या नावाने माणसाची भीती दाखवणं आणि देवाचं भय शिकवणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. २ करिंथ ९:७ प्रमाणे देणं खुशीचं असावं, जुलमाचं नव्हे. पैसे, दागिने किंवा औषधं बंद करण्याची मागणी आली, तर तिथे जाणं थांबवा आणि घरच्यांना सांगा. चमत्काराच्या नावाने फसवणूक, अघोरी उपाय किंवा उपचारांपासून रोखणं यांविरुद्ध राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होऊ शकतो, आणि तो कोणत्याही धर्माच्या माणसाला सारखाच लागू आहे.

१८. आईने माझ्यासाठी नवस बोलला होता. ती वारली. मी फेडला नाही तर?

नवसाबद्दल उपदेशक ५:४-७ स्पष्ट आहे: बोलून न फेडण्यापेक्षा न बोललेला बरा, आणि त्या परिच्छेदाचा शेवट ‘तू देवाचं भय धर’ असा होतो. घाईने बोलू नये हाच त्याचा रोख आहे.

कॅथलिकांसाठी चर्चचा कायदा बारकाईने सांगतो. नवस बोलणाऱ्यालाच बांधतो (कलम ११९३). आईचा नवस मुलावर येत नाही. प्रेमापोटी तुम्ही तो पुरा केलात तर उत्तम, पण न केल्याचं पाप नाही. गंभीर आणि अन्यायी भीती घालून बोलायला लावलेला नवस मुळातच रद्द ठरतो (कलम ११९१). स्वतःचा नवस फेडणं आता शक्य नसेल, उदाहरणार्थ गुडघे गेल्यामुळे पायी जाता येत नसेल, तर तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृतीत तो तुम्ही स्वतः बदलू शकता (कलम ११९७). त्याहून कमी करायचा असेल किंवा सोडवून घ्यायचा असेल तर धर्मग्राम प्रमुखांकडे, म्हणजे आपल्या चर्चच्या मुख्य फादरांकडे, जा. खाजगी नवसातून मोकळं करण्याचा अधिकार त्यांना आहे (कलम ११९६), मात्र त्यामुळे तिसऱ्या कुणाचा हक्क बुडता कामा नये.

१९. पूर्वी एका माणसाचे पैसे बुडवले. कन्फेशनमध्ये सांगितलं. आता परत करायची गरज आहे का? आणि तो माणूस हयात नसेल तर?

गरज आहे. क्षमा मिळाली तरी घेतलेलं परत करण्याचं बंधन राहतं. लेवीय ६:१-५ प्रमाणे मूळ रक्कम अधिक तिचा पाचवा हिस्सा द्यायचा: पाच हजार बुडवले असतील तर सहा हजार. आज चर्च पाचव्या हिश्श्याची सक्ती करत नाही, पण झालेलं नुकसान भरून निघालं पाहिजे, आणि इतक्या वर्षांनी पाच हजारांची किंमत पाच हजारच राहिली नाही हेही लक्षात घ्या.

नाव उघड केल्याने घर मोडेल किंवा जिवावर बेतेल अशी खरी भीती असेल तर फादरांमार्फत, नाव न सांगता, रक्कम पोचवता येते. लाज वाटते एवढ्या कारणासाठी मात्र हा आडमार्ग घेऊ नका. समोर जाऊन दिलेले पैसे दोन्ही घरांतलं वैर संपवतात. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवा, पण पहिला हप्ता याच महिन्यात द्या.

माणूस वारला असेल तर त्याच्या वारसांना द्या. सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदीत वारसांची नावं सहसा सापडतात. मुंबईला गेलेल्यांचा पत्ता भावकीत विचारावा. वारसच नसेल तर गणना ५:८ मध्ये ती रक्कम परमेश्वराला, याजकाच्या हाती, द्यायला सांगितली आहे. आज ती गरिबांसाठी देतात. ती देताना स्वतःच्या नावाची पावती फाडून देणगी म्हणून दाखवू नका. ते पैसे तुमचे नव्हतेच.